वाळलेल्या झाडाची संत्री

डिसेंबर उजाडला की आमच्या कोपऱ्यावरची फळांची गाडी केशरी होते. तिच्यावर तीन ढीग असतात आणि तिन्हींबद्दल फळवाल्याचे उत्तर एकच असते, "नागपुरी आहे साहेब, साखर आहे साखर!" त्याच्याशी वाद घालायचा नाही असे मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी घालतो. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस कागद तपासल्याशिवाय सही करत नाही, आणि साल दाबून पाहिल्याशिवाय संत्रे घेत नाही.

पहिल्या ढिगातले फळ खरेच नागपुरी. त्याची साल सैल, आत थोडी पोकळी राहिल्यासारखी. देठाकडे किंचित उंचावलेली मान. रंग पिवळसर केशरी, कुठे कुठे हिरवी झाक. नखाने टोचले की अंगरखा उतरवावा तशी साल निघते. दुसरा ढीग किन्नूचा. फळ वरून-खालून चपटे, रंग गडद, साल तकतकीत आणि आतल्या फोडींना चिकटून बसलेली. रस भरपूर, पण बियाही भरपूर. एका फळात वीस निघाल्या तरी नवल नाही. तिसऱ्या ढिगातली फळे लहानशी, प्रत्येकावर कागदी टिकली चिकटवलेली. ही परदेशातून येतात. माझ्या नातवाला तीच हवी असतात, कारण त्यांत बी नसते.

तसे हे तिघे एकाच कुळातले, मँडरिनच्या. किन्नूचा जन्म तर कॅलिफोर्नियातला. रिव्हरसाइडच्या संशोधन केंद्रात एच. बी. फ्रॉस्ट यांनी 1915 साली किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा संकर केला आणि 1935 साली ती जात लोकांपुढे आणली. पुढे ती पंजाबच्या मातीला अशी मानवली, की आज अबोहर आणि श्रीगंगानगरकडचे शेतकरी तिला घरचीच मानतात. टिकलीवाल्यांत एक क्लेमेंटाइन असते. अल्जीरियातल्या ओरानजवळच्या एका अनाथाश्रमाच्या बागेत फादर क्लेमाँ यांच्या हाती ते प्रथम लागले, म्हणून हे नाव. त्याला बी नसते ते एका अटीवर: मधमाशीने शेजारच्या दुसऱ्या जातीचा पराग आणता कामा नये. कॅलिफोर्नियात बागाईतदारांनी मधमाश्यांच्या पेट्या दोन मैल लांब ठेवा असा आग्रह धरला होता आणि त्यावरून मधपाळांशी त्यांचे चांगलेच जुंपले होते. नातवाला हे सांगितले, तर तो म्हणाला, "मग माशीला बी हवं असेल, मला नको."

माझे संत्र्याचे शिक्षण उशिरा झाले, आणि त्याची फी दुसऱ्याने भरली.

1985 साली माझी बदली अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या एका शाखेत झाली. वय सत्तावीस, कोकणातला जन्म, मुंबईत शिक्षण. संत्रे झाडाला लागते एवढेच ठाऊक. त्या ज्ञानावर मला कृषी कर्जाचे टेबल मिळाले. मे महिन्यात पंप आणि पाइपलाइनसाठी एका बागाईतदाराचा अर्ज आला होता. भर दुपारी मोटारसायकलवरून मी पाहणीला गेलो. मालक लग्नाला गेलेले, बागेत फक्त म्हातारा सालदार. आणि बाग? पाने मरगळून लोंबत होती, खाली पाचोळ्याचा थर, जमिनीला भेगा. शेजारीच विहीर, तिच्यात बऱ्यापैकी पाणी. मी विचारले, "असं का झालं?" सालदार शांतपणे म्हणाला, "तान देल्ला हाय सायेब."

तान म्हणजे तहान, हे मला शाखेतल्या शिपायाने शिकवले होते. पाण्यावाचून झाडे मेली, असा अर्थ मी लावला आणि अहवालात लिहिले : 'पाण्याचे नियोजन नाही. बाग वाळत आहे. कर्ज देणे योग्य होणार नाही.' खाली सही. ती सही तेव्हा मोठी झोकदार होती.

त्या दिवशी सालदार 'ताण' म्हणत होता, हे मला काही महिन्यांनी समजले. वऱ्हाडात 'ण'चा 'न' होतो. संत्र्याला वर्षात दोन प्रमुख बहार येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात. पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चात येतात आणि जाणकारांच्या मते तीच अधिक गोड. मृग बहार हवा असेल तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी मुद्दाम तोडायचे. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत त्याहून जास्त. पाने मलूल व्हावीत, काही गळावीत. झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्नाचा साठा होतो. मग पाऊस आला, पाणी मिळाले, की झाड फुलांनी लदबदते. विहिरीत पाणी असताना झाड तहानलेले ठेवायला छाती लागते. मी त्या छातीलाच निष्काळजीपणा म्हटले होते.

पंप आलाच. सावकाराकडून, शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. आणि पुढच्या फेब्रुवारीत ते गृहस्थ एक टोपली घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागले. "वायल्या झाडाची संत्री हायेत सायेब. खाऊन तं पाहा."

मी खाल्ली. पुढच्या वर्षी त्यांचे प्रकरण मी स्वतः भरले आणि मंजूरही झाले. पण त्या नऊ महिन्यांचे व्याज कुठल्या खात्यावर टाकायचे, याचे उत्तर बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हते.

असो. संत्र्याच्या गुणांबद्दल बोलायचे, तर आमच्या घरी परस्परविरोधी दोन मते एकत्र नांदत. आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत मोसंबी हवीत. आणि मुलाला शिंक आली की त्याला संत्रे बंद. शंभर ग्रॅम संत्र्याच्या गरात सुमारे 27 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. गोड ऑरेंजमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठ्या पुरुषाची रोजची गरज आपल्याकडे 80 मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे दोन-तीन संत्र्यांत काम भागते. त्याने सर्दी होत नाही, हा मात्र समज. नेमाने घेणाऱ्याची सर्दी थोडी लवकर बरी होते, एवढेच आजवरच्या चाचण्या सांगतात. या जीवनसत्त्वाचा खरा उपयोग आपल्या स्वयंपाकघराला आधीपासून ठाऊक आहे. वरणावर, पोह्यांवर लिंबू पिळले की धान्या-डाळींतले लोह अंगी लागते. त्यावर लगेच चहा ढोसून आपण तो फायदा घालवतो, ही गोष्ट वेगळी.

रसापेक्षा फोड बरी. पापुद्रा आणि पांढऱ्या शिरा यांत चोथा असतो. त्या काढून टाकणाऱ्या सुनांना आणि जावयांना मी काही म्हणत नाही, फक्त बघतो. मधुमेह असलेल्याने ग्लासभर रस घेण्यापेक्षा एक संत्रे सोलून खावे. पेलाभर रसात तीन-चार फळांची साखर जाते आणि चोथा मागे राहतो.

एक इशारा मात्र माझ्या गोळ्यांच्या डबीमुळे द्यावासा वाटतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे ग्रेपफ्रूटशी आणि त्याच्या कुळातल्या पपनसाशी पटत नाही. त्या फळांतली काही द्रव्ये आतड्यातल्या, औषध मोडून काढणाऱ्या विकराला अडवतात आणि रक्तात औषध गरजेपेक्षा जास्त चढते. गणपतीत पपनस मोठ्या प्रेमाने सोलणाऱ्या माझ्या पिढीने डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. नेहमीच्या संत्र्याबाबत ही भीती सहसा नाही.

साली आमची ही फेकू देत नाही. सावलीत वाळवून, कुटून त्या दिवाळीच्या उटण्यात जातात. थोड्या साखरेत मुरतात. ओली साल मेणबत्तीजवळ धरून दाबली की तेलाचे तुषार तडतडून पेटतात. हा प्रयोग नातवाला दाखवला, तेव्हा पहिल्यांदा त्याने टिकलीवाले फळ बाजूला ठेवले.

वरूडचे ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचा मुलगा दर फेब्रुवारीला मृगाची एक पेटी पाठवतो. मी पैसे पाठवले की परत करतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. 2025च्या मे महिन्यातच त्यांच्याकडे पाऊस कोसळला. झाडांचा ताण तुटला आणि बहार धरलाच नाही.

"काका, यंदा मृगाची पेटी नाही येणार," तो म्हणाला. "आंबियाची धाडतो. थोडी आंबट हायेत. चालतीन ना?"

चालतील म्हटले.