एवढंसं पिल्लू, त्याला कसला क्लास?

हल्ली तालुक्याच्या गावीही पॉमेरेनियन, पग दिसतात. मैत्रिणींनो, पिल्लू लहान म्हणून त्याचं गुरगुरणं, दात लावणं आपण हसण्यावारी नेतो. तेच उद्या शेजारच्या मुलाला चावतं.

‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे घरीच शिकवता येतं. रोज दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं पुरेत. ऐकलं की लगेच पोळीचा तुकडा द्या. मारू मात्र नका, भ्यालेला कुत्रा चावतो. आणि नियम सगळ्यांचा एकच हवा. आई ‘खाली उतर’ म्हणते, आजोबा मांडीवर घेतात. मग त्यानं ऐकायचं कुणाचं?

क्लासचा खरा फायदा म्हणजे अनोळखी माणसांची, इतर कुत्र्यांची सवय. ही सवय साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पटकन लागते. गावात क्लास नसेल, तर लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन बाजार, शाळेचा रस्ता दाखवा. नंतर पट्टा लावून फिरवा.

एवढं करूनही चावत असेल, तर घरगुती उपाय पुरे. आधी पशुवैद्यांना दाखवा, मग जाणकार प्रशिक्षक गाठा. आणि रेबीजची लस? ती चुकवायचीच नाही!