जुलाब थांबले, पण दूध पचेना

जुलाब-उलट्यांतून बाळ उठतं, खेळायला लागतं. पण वाटीभर दूध प्यायलं की तासा-दोन तासांत पुन्हा पातळ शी. मग घरात ठरतं, याला दूध सोसत नाही, कायमचं बंद करा. ही घाई नको.

आतड्यात काय होतं

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरावरच्या मखमलीसारख्या लवीच्या टोकाला असतं. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमकी ही टोकं झडवतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, सोबत पाणी ओढते आणि तिथले जीवाणू ती आंबवतात. लव पुन्हा उगवते, बहुधा दोन ते चार आठवड्यांत.

जन्मतःच लॅक्टेज नसणं फारच दुर्मीळ. वयानुसार ते कमी होतं खरं, पण त्याचा त्रास दोन-तीन वर्षांच्या आत सहसा दिसत नाही.

ओळखायचं कसं

शी फेसाळ, आंबूस वासाची, जोरात होणारी. पोट टम्म, आत गुडगुड. आम्लामुळे शीच्या जागेची कातडी लालभडक होते; लंगोट बदलताना बाळ कळवळतं ते त्यामुळे.

शीत रक्त, अंगावर पुरळ किंवा गांधी दिसल्या, तर मात्र दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तिथे लॅक्टोज-फ्री दूध कामाचं नाही, कारण प्रथिन त्यातही असतंच.

आईचं दूध तोडू नका

त्यात सुमारे 7 टक्के लॅक्टोज, गाईच्या दुधात 5 टक्क्यांच्या आसपास. तरीही जुलाबात अंगावर पाजणं चालूच ठेवायचं. बहुतेक बाळांना ते सोसतं, शिवाय संसर्गाशी लढायला त्याचाच आधार असतो. डबाबंद दुधावरच्या तान्ह्याचं दूध मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

वर्षावरच्या मुलाच्या ताटात

वरचं दूध थोडे दिवस कमी करा. दही चालतं: विरजणातले जीवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, उरलेलं पचवायला मदतही करतात. मऊ दहीभात, मुगाची खिचडी, केळं, पाण्यात शिजवलेलं नाचणीसत्त्व द्या. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. साजूक तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, ते थांबवू नका.

दोन आठवड्यांनी दूध-भात चार घास देऊन पाहा. पचला तर रोज थोडं वाढवा. दोन आठवडे उलटूनही जुलाब सुरूच असतील किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. लघवी कमी, डोळे खोल, बाळ मलूल असेल, तर ओआरएस पाजतच लगेच दवाखाना गाठा.