मधला माणूस: कोडोली परिसरातल्या टेलिमेडिसीनचं पाव शतक

कोडोलीत डॉक्टरांची वानवा कधीच नव्हती. मिशनचं जुनं हॉस्पिटल गावातच, सरकारी रुग्णालय गावातच, बाजारपेठेत खाजगी दवाखाने. म्हाताऱ्या माणसांची अडचण सुरू व्हायची ती त्यापुढं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा डॉक्टर म्हटला की कोल्हापूर. वडापात अंग चोरून बसायचं, सीपीआर हे तिथलं मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं, केसपेपर काढायचा, रांग धरायची. एवढं करून डॉक्टर रिपोर्ट चाळणार आणि म्हणणार, ‘गोळ्या त्याच चालू ठेवा, महिन्यानं दाखवा.’ या एका वाक्यापायी म्हातारीचा दिवस जायचा आणि सोबत आलेल्या मुलाचा रोजगार बुडायचा. टेलिमेडिसीनचा खरा प्रश्न हा होता: ते वाक्य गावातच कसं मिळेल?

उत्तर शोधायचा पहिला मान या परिसराकडं फार लवकर आला होता. 1998 साली, कोडोलीला खेटून असलेल्या वारणानगरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा सहकारी समूहाच्या कार्यक्षेत्रातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं बसली. देशभरात त्याचा गाजावाजा झाला. शेती, शिक्षण आणि आरोग्य यांची माहिती मराठीतून गावात मिळेल, असं त्या योजनेत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्या केंद्रांवर मुख्यतः उसाचं काम चाललं: नोंद, वजन, तोड, बिल. आरोग्य कागदावरच राहिलं. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि उसाची तीच माहिती कमी खर्चात मिळू लागली.

या प्रकल्पाला फसलेला म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. त्यानं एक गोष्ट दाखवून दिली, जी पुढं आरोग्यखात्याला फार उशिरा उमगली. शेतकरी त्या संगणकाच्या कळफलकाला हात लावतच नव्हता. तो केंद्रावरच्या पोराला विचारायचा, पोरगा बघून सांगायचा. यंत्रणा चालली ती त्या मधल्या माणसावर.

दरम्यान 2001 पासून इस्रोनं उपग्रहामार्फत मोठी रुग्णालयं लहान रुग्णालयांना जोडायला घेतली होती. पण तो डॉक्टरांचा डॉक्टरांशी संवाद. वारणाकाठच्या उंबऱ्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही. उंबऱ्यावर आलं ते 2016 नंतरचं स्वस्त इंटरनेट, आणि तेही पुण्या-मुंबईच्या मुलाच्या जुन्या फोनमधून. ‘आई, बीपीची गोळी घेतलीस का?’ हा व्हिडिओ कॉल म्हणजे कित्येक घरांतलं पहिलं टेलिमेडिसीन.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि कोल्हापूरला जाणं म्हणजे काय, हे धडधाकट माणसांनाही कळलं. त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारची ई-संजीवनी ही टेलिमेडिसीन सेवा सुरू झाली. 25 मार्च 2020 ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसीनचे नियम जाहीर झाले. तोवर फोनवरून औषध लिहून देणं कायद्याच्या धूसर पट्ट्यात होतं. 13 एप्रिलपासून रुग्णानं घरून थेट डॉक्टरांशी बोलायची ओपीडी उघडली. फेब्रुवारी 2023 पर्यंत ई-संजीवनीवर देशभरात 10 कोटी सल्ले झाले.

आकडा मोठा आहे, पण घरून बोलायची सोय सत्तरीच्या माणसासाठी केलेली नव्हती. आधी मोबाइल नंबर टाका, मग ओटीपी. नंबर बहुधा मुलाचा, म्हणजे ओटीपी पुण्यात वाजणार. मोतीबिंदूमुळं पडदा दिसत नाही, कमी ऐकू येतं, आणि अनोळखी डॉक्टरापुढं ‘लघवीला त्रास होतो’ हे घरच्यांदेखत सांगायचं कसं? गावच्या आरोग्य उपकेंद्रात याच कामाचं रूप पालटतं. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजते, शुगर तपासते, पायावर अंगठा दाबून सूज बघते आणि मगच पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगते. कॅमेऱ्याला खळगा दिसत नाही, तिच्या अंगठ्याला कळतो. वारणेच्या केंद्रावरचा पोरगा जे करत होता, तेच ही करते. फरक इतकाच की ही प्रशिक्षित आहे. माझ्या मते म्हाताऱ्यांच्या बाबतीत नव्या ॲपवर पैसे घालण्यापेक्षा तिची जागा रिकामी न ठेवणं आणि उपकेंद्रातली वीज-रेंज सांभाळणं महत्त्वाचं आहे.

2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 8.6 टक्के होती, महाराष्ट्रात 9.9 टक्के. मुलं शहरात आणि आईबाप गावात, अशी घरं वाढत आहेत. त्यामुळं 2020 च्या नियमांतलं काळजीवाहू माणसाबद्दलचं कलम आपल्या कामाचं आहे, आणि तेच फारसं कुणी वाचलेलं नाही. रुग्ण समोर नसताना त्याच्या वतीनं डॉक्टरांशी बोलायचं तर नातं सिद्ध करणारा कागद किंवा अधिकारपत्र लागतं. नाहीतर पूर्वीच्या प्रत्यक्ष भेटीत रुग्णानं तुमची ओळख करून दिलेली असावी लागते. आणखी एक: अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी फोनवरून लिहून देता येत नाही. त्यावर डॉक्टरांशी हुज्जत घालू नये, नियमच तसा आहे.

तेव्हा यंदा गणपतीला गावी गेलात की एक दिवस आईला, वडिलांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडं जा आणि तुमचं नाव-नंबर केसपेपरवर लिहून घ्या. गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवा, त्याचा फोटो तुमच्याकडं ठेवा. उपकेंद्रातल्या ताईंना भेटून या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तो आकडा घरच्या फोनशेजारी भिंतीवर लावा.