वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा क्लच चिकटलाय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे करून बघा

समजा, आजोबांची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी टाकली, इंजिन सुरूही झालं. पण क्लच पूर्ण दाबला तरी गिअर पडत नाही, नुसती करकर होते. लगेच गिअरबॉक्स उतरवायला सांगू नका.

नेमकं होतं काय?

क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोरावर दाबलेली असते. पेडल दाबलं की ती मोकळी होते. गाडी तीन-चार पावसाळे हललीच नाही, तर दमट हवेने लोखंड गंजतं आणि प्लेटचं अस्तर त्याला चिकटतं. मग पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच राहतात.

आधी तपासा

मी सॉफ्टवेअरवाला, बग कुठे आहे ते कळल्याशिवाय कोडला हात लावत नाही. इथेही तेच. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च मारून क्लचचा फोर्क हलतोय का ते बघायचं. हलत नसेल तर दोष केबल, लिंकेज किंवा हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये आहे. नीट हलत असेल तर बहुतेक प्लेटच चिकटली आहे.

सोडवायची कशी?

1. ब्रेक नीट लागतात ना, हे सगळ्यात आधी बघा.
2. गाडी ढकलून उघड्यावर आणा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन 15-20 मिनिटं चालवून गरम करा. बंद शेडमध्ये नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.
3. इंजिन बंद करा. पेडल पूर्ण दाबून, ते आणि सीट यांच्यामध्ये लाकडी पट्टी अडकवून रात्रभर ठेवा. कधीकधी एवढ्यानेच काम होतं.
4. नाहीच सुटली, तर रिकाम्या मैदानात दुसरा गिअर टाका, पेडल दाबून धरा आणि स्टार्टर मारा. गाडी लगेच पुढे पळेल, म्हणून समोर कुणीही नको. पेडल दाबलेलंच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हलके दाबा-सोडा. झटक्याने प्लेट सुटते. थांबायचं असेल तेव्हा ब्रेक दाबा आणि चावी बंद करा.

हे करू नका

क्लचमध्ये तेलाचा स्प्रे मारू नका. अस्तर तेलकट झालं की क्लच घसरतो. मागची चाकं जॅकवर उचलून, चालू गिअरमध्ये गाडी खाली पाडायचा जुगाड तर अजिबात नको.

चार-पाच प्रयत्नांत सुटली नाही, तर थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली आहेत. जोराच्या झटक्यांनी गिअर तुटला तर खर्च वाढेल. आणि सुटलीच, तर महिन्यातून एकदा तरी गाडी फिरवा.