आधी माणूस मोजावा, मग सायकल

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जिन्याखाली, गच्चीवर किंवा परसात एक काळी सायकल उभी असते. अठ्ठावीस इंची चाकं, सळयांचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर आणि स्प्रिंगांची चामडी सीट. कधीकाळी आजोबा तिच्यावरून गिरणीत, शाळेत किंवा टपाल वाटायला गेलेले असतात. नातवंडं कॉलेजात जाऊ लागली की घरात कुणाला तरी वाटतं, हीच सायकल दुरुस्त करून द्यावी. इच्छा फार चांगली असते, पण पहिलं पाऊल बहुधा चुकतं. सायकल आधी रंगाऱ्याकडे जाते. ती चकचकीत होऊन आली की चार दिवस कौतुक होतं आणि महिन्याभरात ती पुन्हा जिन्याखाली दिसते. कारण पाय नीट टेकत नाहीत, चढावर दम लागतो आणि ब्रेक भरवशाचे नसतात. म्हणून माझं म्हणणं असं, की घरच्या माणसासाठी जुनी सायकल उभी करायची तर ती चालवणाऱ्याच्या अंगाला आणि त्याच्या रस्त्याला जुळेल अशीच करावी. जुनेपण जपण्याचा विचार त्यानंतर यावा. यात जुन्या वस्तूचा मान कमी होत नाही, कारण ही सायकल मुळात घडली आहे तीच अशा फेरफारांसाठी.

हिचा आराखडा ब्रिटिश रोडस्टरचा. नॉटिंगहॅमच्या रॅलेसारख्या कंपन्यांनी तो रूढ केला आणि पुढे भारतातल्या कारखान्यांनी तो जवळजवळ तसाच उचलला. आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळच्या अंबत्तूरची टी. आय. सायकल्स, सोनिपतची ॲटलस, मुंबईची हिंद अशी नावं निराळी असली तरी साखळीची कडी अर्ध्या इंचाचीच, आणि चाकाचं, छऱ्यांचं मापही बहुतेक सारखंच. त्यामुळे एका कंपनीच्या सायकलला दुसरीचा भाग लावून गल्लीतला मिस्त्री तिला संध्याकाळपर्यंत रस्त्यावर आणू शकत असे. रोज राबणाऱ्या सायकलीचे टायर, ब्रेकचे रबर, साखळी, कॉटर पिना कारखान्यातून निघाल्या तशा कधीच राहत नसत. झिजलेला भाग बदलत राहणं हाच तिचा खरा इतिहास आहे. आज आपण तेच केलं तर ती परंपरा पुढे चालते.

सुरुवात मोजपट्टीने करावी. बावीस इंची फ्रेमची वरची नळी जमिनीपासून साधारण ३२-३३ इंचांवर येते; चोवीस इंची फ्रेमची त्याहूनही वर. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीच्या पायाची आतली लांबी साधारण २८-२९ इंच असते. म्हणजे सिग्नलला थांबताना तिला नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभंच राहता येणार नाही. सीट खाली करता येते, फ्रेमचं माप बदलत नाही. अशा वेळी ती सायकल घरातल्या उंच माणसाला द्यावी आणि तिच्यासाठी उतरत्या नळीची जुनी लेडीज सायकल शोधावी. माप जुळत असेल तर सीटची उंची ठरवायला सोपी रीत आहे: पॅडल सगळ्यांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग येतो चढाचा प्रश्न. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर ती साडेचार मीटरच्या आसपास जाते. सपाटीवर वेग थोडा कमी पडेल, पण पुलाच्या चढावर उतरावं लागणार नाही. जुनी सायकल ‘जड’ वाटते तेव्हा दोष वजनाइतकाच या दात्यांचा असतो.

पैसा खर्च करायचा तो सर्वप्रथम घर्षण आणि ब्रेक यांवर. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सायकलीतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं. पुढचं-मागचं हब, मधला एक्सल आणि हँडलचे कप उघडून धुवावेत आणि छर्रे सगळेच्या सगळे नवे टाकावेत. जुने-नवे मिसळले तर भार मोठ्या छऱ्यांवरच येतो आणि कप खराब होतात. मधल्या एक्सलचा चेनकडच्या बाजूचा कप आणि डावं पॅडल यांचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला की चांगले भाग कायमचे निकामी होतात. कॉटर पिन काढताना क्रँकला खालून भक्कम आधार द्यावा, नाहीतर हातोडीचा प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांना बसतो. साखळी मोजायला पट्टी पुरते: नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंचांत बसतात. त्याच कड्या एक अष्टमांश इंचाने लांबल्या असतील तर साखळीबरोबर फ्रीव्हीलही बदलावं. भेगाळलेले टायर कितीही शाबूत दिसले तरी टाकून द्यावेत. ब्रेकबाबत मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की रबराची पकड फार घटते. नवे रबर, आऊट काढलेली चाकं आणि ताठ सळया यांनी सुधारणा होते, पण पावसाळ्यात थांबायला जास्त अंतर लागणारच. चालवणाऱ्याला हे देतानाच सांगायला हवं.

संग्राहक यावर हरकत घेतील, की फ्रीव्हील बदललं, सीट बदलली, मग मूळ सायकल उरली कुठे? ही हरकत मला महत्त्वाची वाटते. म्हणूनच बदल असे करावेत की उद्या ते परत फिरवता येतील. काढलेले भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून पिशवीत ठेवावेत. फ्रेम कापू नये, भोकं पाडू नयेत. आणि याच न्यायाने सगळ्यांत धोकादायक बदल ठरतो तो नवा रंग. पावडर कोटिंगच्या आधी वाळूच्या माऱ्याने जुना थर खरवडला जातो. त्याबरोबर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा आणि कंपनीचं चित्र जातं, ते परत येत नाही. वरवरचा गंज तेल आणि बारीक स्टीलवूलने निघतो. उरलेले ओरखडे तसेच राहू द्यावेत. घरच्या माणसाला ते वाचता येतात.

दुसरी हरकत पैशांची: एवढ्या खर्चात थोडी भर घालून नवी गिअरची सायकल येईल. रोज वीस किलोमीटर वेगाने जायचं असेल तर नवीच घ्यावी. फ्रेमच्या जोडाशी रंगात बारीक तडा दिसत असेल, टोचल्यावर गंजलेली नळी दबत असेल, किंवा पुढचा चिमटा वाकलेला असेल, तर आठवण भिंतीवर टांगावी. कुणाचा जीव तिच्यावर सोपवू नये. पण फ्रेम सरळ आणि माप योग्य असेल, तर जवळच्या बाजाराला आणि वाचनालयाला ही सायकल पुढची कित्येक वर्षं पुरेल, आणि तिचं जवळजवळ प्रत्येक काम साध्या पान्यांनी घरी शिकता येईल. दुरुस्तीच्या वेळी ज्याला ती द्यायची त्यालाच शेजारी बसवावं, छर्रे त्याच्याच हातून भरून घ्यावेत. जिचं पोट उघडून पाहिलं आहे, ती सायकल बिघडली तरी माणूस तिला जिन्याखाली टाकत नाही. आजोबांनी ती इतकी वर्षं चालवली, ती याच ओळखीच्या बळावर. वारसा द्यायचा तर लोखंडाबरोबर ही ओळखही द्यावी.