ताट, परसबाग आणि शौचालय

आळवी नगरीत भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घालून मगच भगवान बुद्धांनी धम्म सांगितला, अशी कथा आहे. ग्रामसुधारणेचा विचार आम्ही तेथूनच आरंभतो.

नीरा डावा कालवा १८८५ साली पूर्ण झाला. त्याच्या पाण्यावर कोऱ्हाळे बुद्रुकच्या परिसरात ऊस फोफावला. परंतु उसाच्या पैशाने ताटातील डाळभाजीची उणीव आपोआप भरून निघत नाही. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ व शेवग्याचा पाला यांतून लोह आणि प्रथिने मिळतात. त्यावर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. मोरीचे सांडपाणी परसातील शेवगा, केळीच्या बुंध्याशी सोडले, तर दारात डबके साचत नाही.

मात्र खाल्लेले अन्न अंगी लागलेच पाहिजे. उघड्यावरील विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून अंकुशकृमी अनवाणी पायांतून शरीरात शिरतात व आतड्यातील रक्त शोषतात. त्यातून पंडुरोग जडतो. म्हणून शौचालय हा आहाराचाच भाग होय. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक भरला की दुसरा वापरात घ्यावा. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत दुर्गंधीरहित खत होते. ते शेताला उपयोगी पडते आणि ओला मैला कोणा माणसाला उचलावा लागत नाही. हे काम ज्यांच्यावर जन्माने लादले गेले, त्यांच्या लेकरांसाठी हा प्रश्न आरोग्याइतकाच माणुसकीचा आहे.