शंभर मात्रांची बाटली

संपादकांना हवी होती पशुसखीची, म्हणजे गावातल्या जनावरांचं आरोग्य बघणाऱ्या गावच्याच बाईची गोष्ट, शक्यतो हसऱ्या फोटोसकट. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात जेऊरच्या पुढे एका गावात गेलो आणि अडकलो एका बोटभर काचेच्या बाटलीत. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगावरची लस. तळाला पांढरट वडी, वर रबरी बूच, आत १०० मात्रा.

करमाळ्याला दोन तोंडं आहेत. उजनी धरणाच्या फुगवट्याकडेला ऊस, केळी आणि संकरित गाई. पाणी मागे पडलं की माळ, बाभळी आणि काळ्या उस्मानाबादी शेळ्या. गाय आजारी पडली तर खासगी डॉक्टर मोटारसायकलवर लगेच येतो, कारण तिच्यामागे डेअरीचं बिल असतं. शेळीसाठी कोण येणार? पेट्रोल, तपासणी, औषध मिळून खर्च करडाच्या किमतीला भिडतो. मग शेळी कापतात, मिळेल त्या भावाला विकतात, नाहीतर वाट बघतात. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांचा चारापाणी बहुतेक बायकांकडे आणि बाजारातला सौदा बहुतेक पुरुषांकडे, ही वाटणी मात्र कुठल्या गणनेत येत नाही.

पशुसखीच्या कामाचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. पुण्याच्या ‘अंथ्रा’ संस्थेतल्या महिला पशुवैद्यांनी नव्वदच्या दशकात गावातल्या बायकांना जनावरांचं आरोग्य शिकवायला सुरुवात केली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने शेळ्यांच्या ‘डॉक्टर’ बायका तयार केल्या. ‘उमेद’ अभियानाने पशुसखी हे काम बचत गटांच्या रचनेतच बसवलं. मला यापेक्षा इथिओपियातल्या अफार प्रदेशाचा दाखला मोठा वाटतो. तिथे नव्वदच्या दशकात उन्हात टिकणारी लस पशुपालकांमधल्याच माणसांच्या हाती दिली आणि डॉक्टर पोहोचत नव्हते तिथली गुरांची बुळकांडी हटली. २०११ साली तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. पीपीआर त्याचाच भाऊबंद. त्याला २०३०पर्यंत संपवायचं ठरलं आहे.

पण करमाळ्यातली बाटली उन्हात टिकणारी नाही. वडी थंड ठेवायची, थंड द्रावणातच विरघळवायची, आणि एकदा विरघळली की दोनेक तासांत संपवायची. एका शेळीला कातडीखाली एक मिली. एका घरी शेळ्या तीन-चार. म्हणजे दोन तासांत पंचवीस-तीस उंबरे, तेही शेळ्या माळावर जायच्या आत. चाळीसच शेळ्या जमल्या तर साठ मात्रा मातीत.

म्हणून लसीकरणाचं खरं काम आदल्या संध्याकाळी होतं. पशुसखी वही घेऊन वस्तीवर फिरते. कुणाकडे किती, कुठली व्यायला टेकली आहे, कुठलं करडू तीन महिन्यांच्या आतलं आहे. “आज्जी, सकाळी शेळ्या सोडू नगा. नऊला सुई हाय.” आज्जीचा सवाल ठरलेला: “गाभडली तर?” गेल्या खेपेला कुणाच्या गाभण शेळीला सुई दिली आणि ती नीट व्याली, हे नावानिशी सांगायला माणूस गावचंच लागतं. बाहेरून आलेल्या साहेबाला हे जमत नाही, आणि त्यात साहेबाचा दोष नाही.

सकाळी पशुधन पर्यवेक्षक आले, सुई त्यांच्या हातात. शेळी धरायची, टोचलेलीच्या शिंगाला रंग लावायचा, पुढच्या दाराला हाळी घालायची, हे पशुसखीकडे. शीतपेटीवरही तिचीच नजर. त्यात आंत्रविषाराची लसही असली तर ती बर्फाला थेट लागू द्यायची नाही. पीपीआरची वडी गोठलेली चालते, आंत्रविषाराची लस गोठली की वाया. म्हणून ती बाटली पशुसखी वर्तमानपत्रात गुंडाळते. आमच्या धंद्याचा इतका नेमका उपयोग मी पहिल्यांदा पाहिला.

यात कौतुकाचं बरंच आहे, पण वही चाळताना काळजी वाटू लागली. पशुवैद्यक परिषदेचा १९८४चा कायदा उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांना देतो. त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करायलाही पशुधन पर्यवेक्षकाची किंवा तत्सम पदविका वा प्रमाणपत्र लागतं. पशुसखीकडे असतं ते काही दिवसांचं प्रशिक्षण. जंताचं औषध पाजणं, गोचीड काढणं, जखम धुणं ठीक. पण रात्री शेळीचं पोट फुगलं की लोक तिच्याच दारात येतात आणि “एक सुई मारा की वहिनी” म्हणतात. ती १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावायला सांगते. फिरत्या पथकाची गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असली तर येईपर्यंत वेळ जातो, आणि शेळी मेली तर बोल तिला. उद्या तिने प्रतिजैविकाची सुई उचलली तर तिला थांबवणार कोण, आणि न उचलली तर गावात तिचं ऐकणार कोण?

पैशाचं गणित आणखी वाकडं आहे. सरकारी लस फुकट, त्यामुळे लोकांना पशुसखीची फेरीही फुकट वाटते. जंताच्या औषधाचे पैसे बाजाराच्या दिवशी देतो म्हणतात. बाजार येतो, जातो. लसीकरणाच्या दिवशी खुरपणीचा रोज बुडतो. “घरचे म्हणत्यात, लोकांच्या शेळ्या राखती,” असं ती हसत म्हणाली, पण वहीत उधारीचं पान वेगळं ठेवलेलं होतं.

शिवाय कळप गावात थांबत नाहीत. धनगरांची मेंढरं चाऱ्यामागे फिरतात, त्याच माळावर चरून पुढे जातात. लस गावात येते तेव्हा मेंढरं दुसऱ्याच तालुक्यात असतात. बाजारातून आणलेली नवी शेळी थेट जुन्यांच्या दावणीला बांधली जाते. लसीचं बळ तीन वर्षं टिकतं खरं, पण तेवढे दिवस शेळी कुणाच्या दारात राहते? बोकड बकरी ईदला जातात, तरुण शेळी लग्नाच्या खर्चाला विकली जाते, जुळी करडं होतात आणि त्यांना काहीच टोचलेलं नसतं. पुढच्या फेरीआधी अख्खी यादी नव्याने करावी लागते. त्या यादीच्या संध्याकाळींचा मोबदला द्यायला अजून कुठल्या कागदावर रकाना नाही.